वाचक विचारतात : जुन्या जाहिरातींमधलं रोलेक्स

रोलेक्सच्या जुन्या छापील जाहिरातींबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेलेल्या तरुणीच्या मनगटावर रोलेक्स होतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्या गाजलेल्या जाहिरातीत खरं किती? – एक वाचक, मिरज

घड्याळ मनगटावर नव्हतं, गळ्यात होतं. आणि ज्या खेपेला ते गळ्यात होतं, त्या खेपेला खाडी पार झालीच नाही.

मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधली टायपिस्ट ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खाडी पोहून गेली. वेळ लागला १५ तास १५ मिनिटं. त्या दिवशी रोलेक्सचा काही संबंध नव्हता. चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईने आपण याहून कमी वेळात पोहून आल्याचं जाहीर केलं आणि मग ती थाप असल्याचंही कबूल केलं. झालं, सगळ्याच पोहणाऱ्यांवर संशय आला. ग्लाइट्झने २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरून दाखवायचं ठरवलं. रोलेक्सचा मालक हान्स विल्सडॉर्फ याने ही संधी हेरली आणि तिला नवं 'ऑयस्टर' घड्याळ दिलं. ते फितीने गळ्यात अडकवून ती निघाली. पाणी फारच थंड होतं. दहा तासांहून जास्त वेळ तग धरल्यावर तिला अर्धवट शुद्धीत बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं आणि वेळही बरोबर दाखवत होतं.

२४ नोव्हेंबर १९२७ च्या 'डेली मेल'चं अख्खं पहिलं पान रोलेक्सने घेतलं. तेव्हा या दैनिकाच्या पहिल्या पानावर बातम्या नसत, जाहिरातीच असत. त्यामुळे 'पहिलं पान विकत घेतलं' हे आज वाटतं तेवढं आक्रीत नव्हतं. पण पूर्ण पान एकाच घड्याळाला, ही चैन मोठीच. पोहण्याची हकीकत त्यात आहे, तरी वाचणाऱ्याच्या मनात दोन पोहणी एक झाली आणि आजही ती एकच सांगितली जातात.

एवढा खर्च कशासाठी, हे समजायला त्या काळच्या दुकानदारीकडे पाहावं लागतं. १९०५ मध्ये लंडनला 'विल्सडॉर्फ अँड डेव्हिस' ही पेढी सुरू झाली आणि १९०८ मध्ये 'रोलेक्स' हे नाव नोंदवलं गेलं. पण ब्रिटिश दुकानदारांना तबकडीवर स्वतःच्याच दुकानाचं नाव हवं असे. विल्सडॉर्फने सहा घड्याळांच्या डब्यात आधी एकावर, मग तिघांवर 'रोलेक्स' छापून हळूच पाठवायला सुरुवात केली. दुकानदाराला डावलून थेट गिऱ्हाइकाच्या तोंडी नाव बसवायचं, तर वर्तमानपत्राचं पान हाच मार्ग होता. गिऱ्हाईकच दुकानात येऊन 'रोलेक्स आहे का?' विचारू लागलं, की दुकानदार काय करणार? दुकानांच्या काचेआड मासे सोडलेल्या पाण्याच्या टाकीत चालू घड्याळ ठेवण्याची युक्तीही याच डोक्यातून निघालेली.

प्रश्न : आजोबांचं १९२० च्या दशकाअखेरचं ऑयस्टर घरी आहे. जाहिरातीत 'पाणी शिरत नाही' असं ठासून लिहिलंय. पावसाळ्यात वापरू का? – एक वाचक, ठाणे

नको. हात धुतानाही काढून ठेवा.

ऑयस्टरची खुबी अशी की पाठचं झाकण आणि काचेभोवतीची कडी, दोन्ही मधल्या भागावर आट्यांनी घट्ट बसतात आणि चावी, म्हणजे बाजूचं फिरवायचं बटणही, आट्यांनीच नळीवर आवळलं जातं. अशा चावीचं पेटंट १९२५ मध्ये पेरेगो आणि पेरे या दोन स्विस कारागिरांनी घेतलं होतं. विल्सडॉर्फने ते विकत घेतलं आणि १९२६ मध्ये ऑयस्टर आलं.

मेख तिथेच होती. घड्याळ हाताने चावी द्यायचं, म्हणजे रोज सकाळी चावी उघडायची, पिळायची, पुन्हा आवळायची. एक दिवस आवळायला विसरलं की ऑयस्टर आणि साधं घड्याळ सारखंच. शिवाय रोजच्या उघडझाकीने नळीचे आटे झिजतात. तुमच्या घड्याळाच्या नळीवर तर जवळजवळ शंभर वर्षांची झीज आहे. चावी आवळल्यावर ती फिरतच राहते किंवा मध्येच सुटते का, एवढं पाहा. तसं असेल तर आटे गेलेत. घड्याळजीकडे नुसती चावी बदलून भागत नाही. नळी आणि चावी जोडीने बदलावी लागते. पण जुनी नळी टाकून देऊ नका, डबीत ठेवा. मूळ सुटा भाग असला की घड्याळाची किंमत टिकते.

१९३१ चं 'पर्पेच्युअल' हे याच अडचणीवरचं उत्तर. आतलं अर्धगोल वजन पूर्ण गोल फिरून स्प्रिंग पिळतं, त्यामुळे चावी रोज उघडायची गरजच उरत नाही. इथे मात्र जाहिरातवाल्यांचा हात सैल सुटला. आपोआप चावी बसणारं मनगटी घड्याळ बाजारात पहिलं आणलं ते जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने. त्याचं स्विस पेटंट १९२४ चं आहे. त्याच्या घड्याळात वजन गोल फिरत नसे. दोन्ही बाजूंना आपटून परतत असे. चावी तर नव्हतीच, काटे लावायचे ते काचेभोवतीची कडी फिरवून. १९५६ मध्ये रोलेक्सने सगळा मान आपल्याकडे घेणारी जाहिरात केली आणि नंतर हारवुडचं श्रेय मान्य करणारा मजकूर छापावा लागला. संग्राहकांना हा दुसरा कागद जास्त प्रिय असतो, आणि असावाही.

प्रश्न : एव्हरेस्टवर नेमकं कोणतं घड्याळ गेलं? रोलेक्स आणि स्मिथ्स, दोघांच्याही १९५३ च्या जाहिराती पाहिल्या. – एक वाचक, पुणे

हिलरीच्या मनगटावर शिखरावर स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचं घड्याळ होतं. हे घड्याळ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. रोलेक्सने मोहिमेला ऑयस्टर पर्पेच्युअल पुरवली होती. हिमालयातल्या मोहिमांना घड्याळं देणं त्यांनी १९३० च्या दशकातच सुरू केलं होतं. त्यामुळे दोघांची जाहिरात आपापल्या परीने खरी. फरक शब्दांत आहे. 'मोहिमेला पुरवलेलं' आणि 'शिखरावर घातलेलं' या दोन वाक्यांमधलं अंतर जाहिरात वाचताना नीट मोजायचं. मोहिमेवर गेलेल्या रोलेक्सच्या तबकडीवर 'एक्सप्लोरर' हे नावही नव्हतं. ते १९५३ मध्ये विकायला आलेल्या घड्याळावर आलं.

असंच १९६० च्या जाहिरातींचं. २३ जानेवारी १९६० रोजी पिकार आणि वॉल्श 'त्रिएस्त' या खोल बुडी मारणाऱ्या यानातून पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९१६ मीटर खाली गेले आणि बाहेरच्या बाजूला बांधलेलं रोलेक्स चालू स्थितीत वर आलं. पण ते घड्याळ दुकानात कधी मिळत नव्हतं. त्याची काच अर्ध्या चेंडूसारखी फुगीर होती, मनगटावर घालून शर्टाची बाही खाली आली नसती. जाहिरात त्या घड्याळाची, विक्री मात्र नेहमीच्या ऑयस्टरची.

प्रश्न : मासिकातून कापलेलं पान आहे, तारीख नाही. साल कसं काढायचं? – एक वाचक, नाशिक

चित्राकडे नंतर बघा, आधी तळाचा बारीक मजकूर वाचा. कॉपीरायटर सजवतो ते वरचं. पत्ता आणि किंमत कुणी सजवत नाही.

ब्रिटिश पान असेल आणि किंमत पौंड-शिलिंग-पेन्समध्ये असेल, तर ते १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं. अमेरिकन पानावर '५८० फिफ्थ ॲव्हेन्यू, न्यूयॉर्क ३६' असा दोन आकडी विभाग दिसला, तर ते १९४३ ते १९६३ मधलं. पुढे पाच आकडी झिप कोड आला. भारतातलं पान असेल तर काम आणखी सोपं. रुपये-आणे-पै दिसले तर १ एप्रिल १९५७ पूर्वीचं, 'नये पैसे' असतील तर त्यानंतरचं ते साधारण १९६४ पर्यंतचं, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

मग घड्याळाकडे वळा. चित्रातलं मॉडेल जेव्हा बाजारात आलं, त्याआधीचं पान असू शकत नाही : डेटजस्ट १९४५, सबमरीनर १९५३, डे-डेट १९५६, डेटोना १९६३, सी-ड्वेलर १९६७. सबमरीनरच्या तबकडीवर खोली आधी मीटरमध्ये आणि मग फुटांत लिहिली असेल, तर ते १९६० च्या दशकाअखेरपूर्वीचं रूप. पुढे फूट आधी आले. इथे घोळ एकच : जाहिरातवाले चित्र छापायचा जुना ठसा, म्हणजे ब्लॉक, दोन-तीन वर्षं वापरत. त्यामुळे घड्याळ 'याआधीचं नाही' एवढंच सांगतं, 'यानंतरचं नाही' हे नाही.

एक गंमत लक्षात ठेवा. नव्या क्रोनोग्राफला, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाला, सुरुवातीच्या एका जाहिरातीत 'ल मां' म्हटलंय. 'डेटोना' हे नाव पक्कं व्हायच्या आधीचा तो कागद. तसलं पान रद्दीत आढळलं तर सोडू नका.

प्रश्न : चोरबाजारात १९३० च्या दशकातली म्हणून एक जाहिरात घेतली. मूळ आहे की नंतर छापलेली? – एक वाचक, गिरगाव

दोन साधनं लागतील : १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा लहान दिवा.

खोली अंधारी करून पानावर दिवा धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळवणारं रसायन आहे आणि ते कागदात साधारण १९५० पासून आलं. ३० च्या दशकातला कागद मळकट पिवळसर किंवा तपकिरीच दिसतो. चमकला तर वाद संपला. नाही चमकला तरी मूळच आहे असं नाही, कारण काही पुनर्मुद्रणं मुद्दाम तसल्या कागदावर करतात. म्हणून आता भिंग. जुन्या वर्तमानपत्राचे ठिपके मोठे, नजरेला जाणवणारे आणि एका रांगेत असतात. अक्षरं शिशाच्या खिळ्यांनी दाबून छापलेली असल्याने पान उलटं करून तिरप्या उजेडात पाहिलं की दाबाचा उठाव बोटालाही लागतो. रंगीत भागात चार रंगांचे ठिपके फुलासारख्या वर्तुळात जमलेले दिसले तर ते छापखान्याचं काम, मग जुनं असो वा नवं; ठिपके वाळूसारखे विस्कटलेले असले तर घरच्या प्रिंटरचं काम.

शेवटी पान उलटवा. मासिकाच्या खऱ्या पानाच्या पाठीवर दुसरं काहीतरी छापलेलं असतंच, आणि तेही त्याच काळातलं. पाठ कोरी असलेली 'मासिकातली जाहिरात' म्हणजे पोस्टर. ते कपडे वाळत घालायच्या चिमट्याला टांगायचं.

प्रश्न : कोकणातल्या घरी जाहिराती टिकत नाहीत. लॅमिनेट करू का? – एक वाचक, रत्नागिरी

अजिबात नको. लॅमिनेशनचा गरम गोंदाचा थर कागदातून पुन्हा निघत नाही आणि आत अडकलेलं आम्ल कागद खातच राहतं. सेलोटेपही तितकाच वाईट. त्याचा गोंद पाच-दहा वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो.

कागद पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नव्हे. पीव्हीसी चिकट होतं आणि शाई उचलतं. पण तुमच्याकडे एक वेगळा धोका आहे : आर्ट पेपरवर मातीचा थर असतो आणि ८० टक्क्यांवरच्या दमटपणात तो पॉलिस्टरला चिकटून बसतो. मग सोडवताना चित्रच निघून येतं. म्हणून चकचकीत पानाच्या दोन्ही बाजूंना आम्लरहित पातळ कागद घाला. डबा भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका आणि आषाढ-श्रावणात सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला गरम करून पुन्हा वापरा. कसर लागली असेल तर पान बंद पिशवीत घालून पंधरा दिवस घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव धरेल.

फ्रेम करायचीच असेल तर पान काचेला टेकता कामा नये. मध्ये दीड-दोन मिलिमीटरचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. पान मागच्या पुठ्ठ्याला गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, फक्त वरच्या कडेला अडकवा. चारही बाजू चिकटवल्या तर दमट हवेत कागद फुगून लाटा येतात.

प्रश्न : जाहिरातीत काळपट दिसणारी तबकडी माझ्या घड्याळात कोरी करकरीत आहे. आणि अंधारात चमकत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

तबकडी पुन्हा रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. भिंगाखाली 'स्विस' हा सहा वाजताचा बारीक शब्द शोधा; रंगवणाऱ्याचा हात तिथे बहुधा चुकतो, शब्द गायब असतो किंवा मिनिटांच्या रेषांवर चढलेला असतो.

चमक नसणं मात्र वयामुळे. १९६० च्या दशकाआधीच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे किरणोत्सर्ग जवळजवळ तसाच आहे. थकलंय ते चमकणारं रसायन. घड्याळ घरी उघडू नका, काट्यावरची पूड खरवडू नका आणि दुरुस्तीला देताना घड्याळजीला आधी सांगा. तबकडीवर तळाशी 'टी' अक्षर असेल तर ते ट्रिटियम. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांचं, त्यामुळे ते बरंचसं विझलेलं असणार.

प्रश्न : जाहिरातीत घड्याळात नेहमी दहा वाजून दहाच का? – एक वाचक, सोलापूर

नेहमी नाही, जुन्या पानांत आठ वाजून वीसही पुष्कळदा सापडतात. दहा-दहाला काटे बाराखालचं नाव मोकळं सोडतात आणि तीन वाजताची तारखेची खिडकी झाकत नाहीत. आठ-वीसलाही नाव मोकळंच राहतं, पण काटे खाली झुकलेले घड्याळ रुसल्यासारखं दिसतं.