‘म्हणजे माझं दुखणं खोटं आहे का?’

वर्षानुवर्षे दुखणे सोसून थकलेली माणसे समुपदेशकाच्या खोलीत पहिल्यांदा येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच भीती असते: डॉक्टरांनी इकडे पाठवले, म्हणजे माझे दुखणे मनाचे आहे, खोटे आहे, असे सगळ्यांनी ठरवून टाकले आहे. ही भीती जवळजवळ याच शब्दांत माझ्यासमोर मांडणाऱ्या एका बाईंची हकीकत येथे देत आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या 42 वर्षांच्या, हिशेबाचे काम करणाऱ्या. पाच वर्षांपूर्वी जिन्यावरून पाय घसरून पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, मुका मार होता आणि तो काही आठवड्यांत भरून यायला हवा होता. परंतु कमरेतली कळ गेली नाही. पुढे तपासण्या वाढत गेल्या आणि फाइल जाड होत गेली. कोणी मणक्यात गॅप आहे म्हणाले, कोणी नस दबली आहे म्हणाले, कोणी चकती सरकली आहे म्हणाले. कमरेला पट्टा आला, मग वाकणे बंद झाले, ओझे उचलणे बंद झाले आणि शेवटी जमिनीवर बसणेही बंद झाले. ज्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले त्यांनी सगळे नीट तपासून शस्त्रक्रिया करण्यासारखे काही नाही, असे सांगितले होते. खुर्चीच्या कडेवर ताठ बसून त्यांनी मला विचारले, “मॅडम, खरं सांगा. मी नाटक करते असं वाटतं का तुम्हाला?”

मी ‘नाही’ म्हटले. पण धीर देण्यासाठी उच्चारलेले ‘नाही’ त्यांनी याआधी पुष्कळदा ऐकले होते, म्हणून कारणासकट सांगणे भाग होते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यानुसार वेदना हा एक अप्रिय संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव आहे, जो ऊतींच्या प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी निगडित असतो किंवा तशा इजेसारखा जाणवतो. या व्याख्येला जोडलेल्या टिपांमध्ये, माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, असेही स्पष्ट म्हटले आहे. मी त्यांना ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 1995 साली नोंदवलेले एक उदाहरण सांगितले. एका बांधकाम कामगाराने खाली उडी मारली आणि मोठा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. खिळा जरासा हलला तरी असह्य वेदना होत असल्यामुळे त्याला गुंगीची औषधे द्यावी लागली; बूट काढल्यावर मात्र खिळा दोन बोटांच्या मधून गेल्याचे आणि पायाला काहीच इजा झाली नसल्याचे दिसले. त्या माणसाने नाटक केले नव्हते. मेंदूने डोळ्यांनी पाहिलेला धोका खरा धरला आणि वेदना निर्माण केली.

यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर त्यांनी विचारले, “पण माझ्या रिपोर्टमध्ये तर झीज दिसते.” ही शंका रास्त होती. पाठीचा त्रास नसलेल्या 3,110 जणांच्या मणक्यांच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशी वर्षांच्या 96 टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज आढळली होती. कातडीला पडणाऱ्या सुरकुत्यांप्रमाणे मणक्यातही वय दिसते, आणि दिसणारा प्रत्येक बदल दुखतोच असे नाही. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे: लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, ताप येणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर समुपदेशन बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. शारीरिक कारण तपासून घेतल्याशिवाय मी हे काम सुरू करत नाही.

मग दुखते कशामुळे? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे मज्जासंस्थेचे होते. एखादी जखम किंवा दीर्घकाळचे भय सोसल्यावर मज्जारज्जू आणि मेंदू यांतील वेदनेचे मार्ग इतके संवेदनशील होऊ शकतात की साधा स्पर्श, साधे वाकणे हेसुद्धा धोका म्हणून नोंदवले जाते. दुखले की माणूस घाबरतो, घाबरला की स्नायू आवळतात, झोप उडते, हालचाल कमी होते, आणि या सगळ्यामुळे मेंदूची धोक्याविषयीची खात्री आणखी पक्की होते.

मी त्यांना तीन आठवडे वही लिहायला सांगितली. कळ किती आली एवढेच नव्हे, तर त्याआधी काय घडले तेही त्यात लिहायचे होते. वही वाचताना आम्हा दोघींनाही आश्चर्य वाटले. मैत्रिणीकडे राहायला गेल्या असताना त्यांनी तिच्या लहान मुलाला दोनदा कडेवर घेतले होते आणि त्या दिवशी कमर दुखली नव्हती. याउलट कामाच्या ठिकाणी वरिष्ठांनी आवाज चढवला, किंवा जिन्यावर कोणाच्या जड पावलांचा आवाज आला की तासाभरात कळ सुरू होत असे. पावलांविषयी मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “लहानपणी वडील घरी आले की पावलांवरून कळायचं, आज कसा दिवस जाणार ते. मी श्वास धरून बसायची.”

याच ठिकाणी माझी चूक झाली. धागा सापडला या उत्साहात मी वडिलांविषयी खोदून खोदून विचारले. त्याच संध्याकाळी त्यांची कमर पार धरली आणि पुढच्या दोन भेटी त्यांनी रद्द केल्या. जुना आघात बोलून टाकला की दुखणे आपोआप निघून जाते, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती मला घातक वाटते. शरीराला आत्ता, या खोलीत सुरक्षित वाटत नसेल, तर आठवण सांगणे म्हणजे तोच प्रसंग पुन्हा सोसणे ठरते. त्या परत आल्यावर मी त्यांची क्षमा मागितली आणि कामाचा क्रम बदलला.

पुढचे चार महिने आम्ही बहुतेक वेळ वर्तमानातच राहिलो. पाय जमिनीला टेकलेले जाणवणे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणे (उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते), आणि कळ आली की तिच्यापासून पळण्याऐवजी ती कोठे आहे, गरम आहे की ताणल्यासारखी आहे, वाढते की सरकते, हे कुतूहलाने पाहणे. पाहताना मनाशी म्हणायचे वाक्य त्यांनीच शोधले: “हे दुखतंय, पण मोडत नाहीये.” वाकण्याचा सराव फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सुरू झाला. वाकताना आपण अजूनही श्वास धरतो, वडिलांची पावले ऐकताना धरत होतो अगदी तसाच, हे एके दिवशी त्यांच्याच लक्षात आले आणि त्या रडल्या. वडिलांविषयीचे खरे बोलणे त्यानंतर, त्यांच्या गतीने झाले.

वेदनेकडे अशा भयमुक्त रीतीने पाहायला शिकवणाऱ्या उपचाराची एक चाचणी ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. जुनाट पाठदुखीच्या 151 जणांपैकी ज्यांना चार आठवडे हा उपचार मिळाला, त्यांतील 66 टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. दिखाऊ उपचाराच्या (ज्यात प्रत्यक्ष औषध नसते अशा, म्हणजे प्लासिबोच्या) गटात हे प्रमाण 20 टक्के, तर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत 10 टक्के होते. हे आकडे आशादायक आहेत, मात्र चाचणी लहान होती आणि तिच्यातील लोकांचे दुखणे सौम्य ते मध्यम होते. म्हणून मी कोणालाही हमी देत नाही.

या बाईंना चार आठवडे पुरले नाहीत. पट्टा सुटायला सात महिने लागले आणि जमिनीवर बसायला वर्ष. पुढे वडील आजारी पडले तेव्हा कमर पुन्हा धरली. त्यांनी मला फोन केला, परंतु आवाजात पूर्वीची धास्ती नव्हती. “दुखतंय, मॅडम. का दुखतंय तेही कळतंय. उद्या त्यांना भेटून आले की चालायला जाईन.” दुखणे बारा दिवस राहिले. त्यांनी नवी तपासणी करवून घेतली नाही, आणि त्या बारा दिवसांपैकी नऊ दिवस त्या चालायला गेल्याची नोंद त्यांच्या वहीत आहे.