काळा पडदा आला म्हणून पुन्हा फॉरमॅट मारू नकोस

हे बघ, तुझ्या गेमिंग लॅपटॉपवर मॅकओएस (ॲपलची संगणक प्रणाली) चालवताना ॲपलचा लोगो दिसून पडदा काळा होतोय, म्हणजे ओपनकोअर, म्हणजे ॲपलचा नसलेल्या संगणकावर मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्राम, आपलं काम करतंय. अडतंय ते ग्राफिक्सपाशी. इंटेलच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा प्रोसेसरच्या आतलं इंटेल आणि वेगळं एनव्हिडिया अशी दोन ग्राफिक्स असतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांना मॅकओएसचा ड्रायव्हर कधी आलाच नाही, जुन्या जीटीएक्स १० मालिकेचा हाय सिएरा या २०१७च्या मॅकओएसवरच थांबला. तेव्हा एनव्हिडियाचा नाद सोड. व्हॉटेव्हरग्रीनमधून (ओपनकोअरसोबत ग्राफिक्ससाठी घालतात ती जोड) किंवा एसएसडीटी (मॅकओएसला हार्डवेअरची माहिती देणारी छोटी फाइल) घालून ते बंद कर आणि सगळं इंटेलवर चालव. एसएसडीटीनं बॅटरीही वाचते.

आता प्रोसेसर बघ. लॅपटॉपला दहाव्या पिढीपर्यंत ठीक. अकरावीपासून इंटेल ग्राफिक्सही चालत नाही, तिथं जीव काढू नकोस.

एचडीएमआयला मॉनिटर लावून तपासत असशील तर काढ तो. बऱ्याच मॉडेलांत ते पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं.

खानापूरकडं पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरी भरूनच बस. चालणारा ईएफआय फोल्डर (ओपनकोअरच्या सगळ्या फायली यातच असतात) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेव, हे मी प्रत्येकाला बजावतो. आणि कॉलेजचा प्रोजेक्ट ज्या डिस्कवर आहे तिला हात लावू नकोस. दुसरी एसएसडी घे. ॲपलचा नसलेल्या लॅपटॉपवर मॅकओएस चालवणं ॲपलच्या करारात बसत नाही, इंटेलसाठी मॅकओएस २६ हीच शेवटची आवृत्ती, हेही धरून चल.

व्हर्बोज मोड (लोगोऐवजी सुरू होण्याची प्रत्येक पायरी ओळीत दाखवतो तो) लावून शेवटच्या ओळींचा फोटो पाठव. प्रोसेसरचं पूर्ण नाव लिही, नुसतं 'आय-सेव्हन' नको.