‘मी जातो’ : बाई, बुवा की आणखी कुणी?

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या ओळखीतल्या मुलांनी निपाणीच्या बोलीत एक लघुपट केलाय आणि तो बंगळुरूच्या क्वीअर (लिंगाच्या किंवा आकर्षणाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्यांच्या) फिल्म फेस्टिव्हलला पाठवायचाय. मुख्य पात्र स्वतःला ना बाई मानतं, ना पुरुष. संवादांत मात्र ते सगळीकडं ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच बोलतं. पुण्याच्या एका मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, ‘मग हा मुलगाच आहे की!’ आता ‘मी जातो’चं ‘मी जातं’ करावं का, आणि पत्रकावर ‘क्वीअर’ला मराठी शब्द कोणता घालावा?

ताई, संवाद बदलू नका. ‘मी जातं’ तर मुळीच नको, ऐकणाऱ्याला दळण आठवेल.

पुण्याच्या मित्राचं चुकलं असंही नाही. प्रमाण मराठीत ‘जातो’ पुरुषाचं आणि ‘जाते’ बाईचं. पण कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात आजीपासून नातीपर्यंत बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणत आल्यात. शाळेत बाई ‘येते म्हण’ असं बजावतात, आणि पोरगी घरी जाऊन ‘आई, मी आलो’ म्हणते. शेजारच्या कन्नडचा यात हात असावा असं माझं मत. ‘नानु होगुत्तेने’ (मी जातो/जाते) हे वाक्य बाईनं म्हटलं काय आणि बुवानं म्हटलं काय, क्रियापद तेच राहतं. म्हणजे आपल्याकडं ‘मी’सोबतच्या ‘-तो’मधून बोलणारा पुरुष आहे एवढं कळतच नाही. तुमच्या पात्राच्या तोंडी ते अगदी चपखल बसतं.

पण यावरून लगेच ‘सीमाभागाची मराठी बघा किती पुढारलेली’ असं माहितीपत्रकात लिहू नका. ‘मी आलो’ म्हणणाऱ्या बाईलाच पलीकडून ‘कधी आलीस?’ असं विचारतात आणि ती गेल्यावर ‘ती गेली’ असंच म्हणतात. मोकळीक आहे ती फक्त ‘मी’पुरती. ‘तू’ आणि ‘तो-ती’ आले की बोली पुण्याइतकीच कडक. म्हणून माझ्या मते लघुपटाचा खरा पेच इतर पात्रांच्या संवादांत आहे. शेजारीण ‘आलास’ म्हणते की ‘आलीस’, आई कोणाच्या देखत काय म्हणते, आणि कोण चतुराईनं ‘काय, जेवण झालं का?’ विचारून क्रियापदाची अडचण टाळतं, तिकडं लक्ष द्या. मुलांनी हे आधीच केलं असेल तर त्यांचा कान चांगला आहे.

पात्राबद्दल बोलताना ‘तो-ती’च्या जागी नपुंसकलिंग वापरावं का, हेही कुणी सुचवेल. कोकणीत लहान मुलीला ‘तें आयलें’ म्हणतात आणि त्यात मायाच असते. खानापूरच्या गोव्याकडच्या अंगाला हे कानावर नवं नाही. पण मराठीत मोठ्या माणसाला ‘ते बघ, आलं’ म्हटलं की बहुधा हेटाळणीच होते. पात्राची चेष्टा करणारा कोणी असेल तर त्याच्या तोंडी ते द्या, आईच्या तोंडी देऊ नका. आईनं ‘लेकरू’ म्हणावं. मुलगा असो, मुलगी असो, ‘लेकरू आलं’ हे सगळ्यांना चालतं. तशी आपली भाषा व्याकरणातलं लिंग आणि माणूस यांची नेहमी गाठ घालत नाहीच. ‘व्यक्ती आली’ म्हणताना मिशीवाल्या पैलवानालाही आपण स्त्रीलिंगात बसवतो.

पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसाठी प्रमाण मराठीत कथासार किंवा सबटायटल करायचं असेल, तर लिंग न दाखवणाऱ्या वाटा भरपूर आहेत. ‘मी जाईन’, ‘मला जायचंय’, ‘मी जात आहे’ यांत काही कळत नाही. भूतकाळात बहुतेक सकर्मक क्रियापदं कर्माच्या मागं जातात (‘पिणं’ जात नाही), त्यामुळं ‘मी चहा प्यायलो’पेक्षा ‘मी चहा घेतला’ लिहिलं की काम झालं. ‘आम्ही आलो’, ‘तुम्ही आलात’ हेही सगळ्यांना सारखंच. अडतं ते ‘मी आलो/आले’, ‘मी बसलो/बसले’ असल्या अकर्मक जागी. तिथं बोलीतलं ‘आलो’ तसंच ठेवा आणि सुरुवातीला एका ओळीत सांगून टाका की या भागात बायकाही असंच बोलतात. कन्नड सबटायटलवाल्याचं काम मात्र सोपं, ‘अवरु बंदरु’ (ते किंवा त्या आल्या, दोन्ही) म्हटलं की मान राहतो आणि बाई-पुरुषही कळत नाही. आपल्या आदरार्थी ‘ते आले’, ‘त्या आल्या’मध्ये ती सोय नाही.

आता ‘क्वीअर’. ‘समलैंगिक’ हा शब्द आकर्षण कोणाबद्दल एवढंच सांगतो, तुमच्या पात्राला तो लागू होईलच असं नाही. ‘तृतीयपंथी’ सरकारी कागदात आणि वर्तमानपत्रांत रुळलाय, विशेषतः तृतीयपंथीयांना वेगळी लिंगओळख मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालानंतर, पण स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला तो लावता येत नाही. कन्नडमध्ये ‘लैंगिक अल्पसंख्यातरु’ चालतं, पण त्याचं मराठी केलं की एखाद्या आयोगाचं नाव वाटतं. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळं २०२२ साली सरकारनं अशा शब्दांची यादीच राजपत्रात छापली. शब्द तसे घडवता येतात हे खरं, पण एका लघुपटाच्या पत्रकासाठी एवढा खटाटोप कशाला? मुंबईतल्या २०१० साली सुरू झालेल्या महोत्सवानं ‘कशिश’ हे नाव घेतलं. त्याचा अर्थ ओढ, आकर्षण. त्यानं भाषांतर न करताही काम भागवलं.

कुणीतरी ‘जोगप्पा’ सुचवेल, यल्लमा देवीचं सौंदत्ती आपल्याच बेळगाव जिल्ह्यात आहे म्हणून. ते टाळा. जोगप्पा यल्लमाच्या सेवेतला असतो. डोक्यावर देवीचा जग (मुखवटा बसवलेली टोपली), साथीला चौंडकं हे तंतुवाद्य, पाळायचे नेम, असा तो सगळा विधी आहे. बंगळुरूच्या पडद्यासाठी तो शब्द उसना घेतला तर दोन्हीकडं गैरसमज होईल. त्या शब्दाची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. साडी नेसणाऱ्या, देवीचं रूप मानल्या जाणाऱ्या माणसाच्या नावाच्या शेवटी ‘अप्पा’ आहे. कन्नडला त्यात काही खटकलं नाही.

तर पत्रकावर सरळ ‘क्वीअर चित्रपट महोत्सव’ लिहा. ‘सिनेमा’, ‘तिकीट’ जसे आले तसा हाही येईल. ‘क्वि’ ऱ्हस्व नको, दीर्घ ‘क्वी’ काढा. आणि विशेषण म्हणूनच वापरा, ‘क्वीअर लोकांचा’, ‘क्वीअर पात्र’ असं. ‘क्वीअरांचा’ केलंत तर वाचणारा ‘हे कोण अन् कुठल्या गावचे?’ असं विचारेल.