इलेक्ट्रोलायटिक मँगनीज फ्लेक्स कुठे वापरतात? फेरोमँगनीज स्वस्त असताना हा महाग माल कशाला?

मी इंडक्शन भट्टीवर काम करतो, दोन्ही माल रोज हाताखालून जातात. फ्लेक्स म्हणजे विजेच्या साहाय्याने द्रावणातून पत्र्यावर जमवलेल्या जवळजवळ शुद्ध मँगनीजच्या पातळ चकत्या, आणि फेरोमँगनीज म्हणजे लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू. प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, म्हणजे पहिला आपोआप सुटेल.

समजा ५०० किलोच्या हीटमध्ये (म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूत) मँगनीज १ टक्का वाढवायचंय, म्हणजे ५ किलो. हाय कार्बन फेरोमँगनीजमध्ये ते साधारण ७५ टक्के असतं, म्हणून काहीही जळलं नाही असं धरलं तरी पावणेसात किलोच्या आसपास टाकावं लागतं. त्यातच ७ टक्क्यांच्या आसपास कार्बनही असतो. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो कार्बन फुकटात आला आणि हीटचा कार्बन ०.०९ टक्क्याने चढला. ३०४एल स्टेनलेसला कार्बनची मर्यादाच ०.०३! साध्या इंडक्शन भट्टीत चढलेला कार्बन उतरवायची सोय नसते, त्यामुळे ती हीट गेलीच म्हणायची. फ्लेक्समध्ये मँगनीज ९९.७ टक्के आणि कार्बन नावापुरता. फॉस्फरसचंही तसंच.

म्हणून फ्लेक्सचा मोठा खप स्टेनलेस आणि खास मिश्रधातूंच्या स्टीलमध्ये. २०० सिरीजच्या स्टेनलेसमध्ये तर महागड्या निकेलचं बरंचसं काम मँगनीज करतं. २०१ मध्ये ते ५.५ ते ७.५ टक्के असतं. याउलट साध्या कार्बन स्टीलला, किंवा ज्यात १ टक्क्याहून जास्त कार्बन हवाच असतो त्या झीज सोसणाऱ्या, भरपूर मँगनीजच्या हॅडफील्ड स्टीलला फ्लेक्स टाकणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

लो कार्बन फेरोमँगनीज हा मधला मार्ग आहे, पण त्यात लोखंड असतंच. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांना नेमकं तेच नको असतं. ३००३ किंवा शीतपेयांच्या डब्यांच्या ३००४ मिश्रधातूत मँगनीज १ ते १.५ टक्के लागतं. मात्र मँगनीज वितळतं १२४६ अंशांना आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० ला, त्यामुळे अख्खे फ्लेक्स विरघळायला फार वेळ लागतो. म्हणून त्यांची पूड करून दाबलेल्या वड्या टाकतात. तांब्याच्या मिश्रधातूंतही हेच मँगनीज जातं; मोजमापाच्या रोधांसाठीची मँगॅनिनची तार त्यातलीच. वेल्डिंग रॉडचं आवरण आणि फेराइट कोअर (ट्रान्सफॉर्मरमधले चुंबकीय गाभे) हेही त्याचे ग्राहक.

अलीकडे बॅटरीवालेही फ्लेक्स घेतात. सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून अतिशुद्ध मँगनीज सल्फेट करायचं, ते लिथियम बॅटरीच्या कॅथोडला जातं. तिथे सेलेनियममुक्त माल मागतात, कारण इलेक्ट्रोलिसिसच्या टाकीत बरेच उत्पादक सेलेनियम डायऑक्साइड घालतात.

माल हातात आला की बघा: एक बाजू गुळगुळीत, चकचकीत, कारण ती कॅथोडच्या पत्र्याला चिकटलेली असते, दुसरी खडबडीत, दाणेदार. बोटांनी कट्‌कन मोडतो. तपकिरी-काळा पडला असेल तर ओल लागलीय. ओले फ्लेक्स वितळलेल्या धातूत टाकू नका, अंगावर उडतं. आणि टाकायचे ते हीटच्या शेवटी, आधी टाकले तर बरंच मँगनीज स्लॅगमध्ये, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या मळीत जातं.

ऑर्डर देताना ‘धातू’ हा शब्द लिहा. आमच्या एका कागदावर नुसतं ‘इलेक्ट्रोलायटिक मँगनीज’ होतं, तर कोटेशन आलं मँगनीज डायऑक्साइडचं. ती कोरड्या सेलमध्ये भरायची काळी पूड, आमच्या काय कामाची!