नदीचं पाणी तपासताय? आधी एवढं करा
पुण्यातल्या मुठा नदीचं पाणी तपासायचं ठरवलंत, झकास! फक्त टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले क्षार मोजतो, त्यावरून मैलापाणी कळत नाही. त्याऐवजी विरघळलेल्या ऑक्सिजनचं किट घ्या. ऑक्सिजनचं प्रमाण लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की माशांचे हाल सुरू.

- नमुना काठच्या साचलेल्या पाण्याचा नको, वाहत्या धारेतला घ्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका.
- वेळ दरवेळी तीच ठेवा. शेवाळामुळे ऑक्सिजन पहाटे कमी, दुपारी जास्त असतो. नवखे सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडतात आणि नदी सुधारली म्हणतात!
- दगड उलटून किडे बघा. मेफ्लायची (स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या एका कीटकाची) पिल्लं दिसली तर पाणी बरं. गाळात नुसत्या लाल अळ्या म्हणजे ऑक्सिजनची मारामार.

बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, ते मोजणारी चाचणी) वगैरे नंतर. आणि हातमोजे घाला हो, नाल्याच्या तोंडाशी तर नक्कीच.