सी४ की सी३?

प्रश्न : मुलगी पियानो शिकतेय, पुस्तकात मधल्या सी ला सी४ म्हटलंय पण आमचा यामाहाचा कीबोर्ड तीच पट्टी दाबली की सी३ दाखवतो, बिघडलाय का? आणि अक्षरं ए पासून तर आकडा सी ला का बदलतो?
– एक पालक, नाशिक

उत्तर : अहो काही बिघडलं नाहीये! यामाहावाले मधल्या सी ला सी३ च म्हणतात, पुस्तकं बहुतेक सी४ वाली, आवाज तोच, साधारण २६१.६ हर्ट्झ. तिला सी४ च शिकवा, जास्त चालतं ते.

आता आकड्याचं. अक्षरं सातच, ए ते जी, मग परत ए, त्यामुळे कुठल्या सप्तकातला ते सांगायला आकडा लागतो आणि तो सी ला बदलतो कारण सी मेजर, म्हणजे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची स्केल, तिथून सुरू होते. आपल्या पेटीवाल्यांची पांढरी एक पण सी च ना! म्हणून बी३ च्या लगेच उजवीकडे सी४ येतो, ए४ मात्र त्याच्याही वर, ४४० हर्ट्झचा, वाद्यं जुळवतात तो. पूर्ण ८८ पट्ट्यांचा पियानो ए० पासून सी८ पर्यंत जातो. आणि जर्मन पुस्तक हातात आलं तर सांभाळून, तिथे बी ला एच म्हणतात आणि बी म्हणजे बी फ्लॅट (आपल्या बी च्या लगेच डावीकडची काळी पट्टी), उगाच डोक्याला ताप.