फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय? क्रमवारी जरा बाजूला ठेव

सप्रेम आशीर्वाद,

मास्टर्ससाठी निवडलेल्या विद्यापीठांची तुझी यादी पाहिली. नावं सगळी दणदणीत, पण ती कुठल्या तरी क्रमवारीतून वरून खाली उतरवलेली दिसतात. प्रिन्स्टनचा दोन वर्षांचा मास्टर्स, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा वर्षाच्या आत संपणारा आणि न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा, हे एकाच रांगेत कसे बसतील? बरूकला स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (अनिश्चित चढउतारांचं गणित) आणि सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशिवाय पान हलत नाही. तुला कंपन्यांच्या विलीनीकरणाची कामं करायची असतील, तर एवढ्या गणिताचं करणार काय? आधी नोकरी ठरव, मग विद्यापीठ.

फायनान्शियल टाइम्सची क्रमवारी जरूर वाच, पण ती बनते कशी तेही वाच. पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पगाराला तिच्यात मोठं वजन असतं, आणि तो पगार क्रयशक्तीच्या (त्या देशात पैशाला किती वस्तू मिळतात त्याच्या) हिशेबाने डॉलरमध्ये बदललेला असतो. म्हणजे स्वस्ताईच्या देशात काम करणाऱ्याचा आकडा कागदावर फुगतो. कर्जाचा हप्ता क्रयशक्ती बघत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक विद्यापीठाचा प्लेसमेंट रिपोर्ट काढ आणि संशयाने वाच. समजा ‘९५ टक्के जणांना नोकरी’ असं लिहिलंय. कुणाचे ९५ टक्के? अख्ख्या वर्गाचे, की फक्त नोकरी शोधणाऱ्यांचे? ज्यांनी माहितीच कळवली नाही, ते कुठे धरले? पगाराची सरासरी सोड, मध्यक बघ, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. हेज फंडांत (बड्यांचा पैसा गुंतवणाऱ्या फंडांत) भरमसाट पगार घेणारे दोन-चार जण सरासरी कुठच्या कुठे नेतात. व्हिसा लागणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे मागून घे. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर माझ्या मते तेच उत्तर समज.

कोर्स किती महिन्यांचा, याकडे मुलं फक्त फीच्या नजरेने बघतात. मोठ्या बँकांची उन्हाळी इंटर्नशिपची भरती मात्र बरेच महिने आधी सुरू होते. वर्षभराचा कोर्स घेतलास, तर वर्ग सुरू व्हायच्या आतच सीव्ही तयार हवा आणि मुलाखतीचा सराव झालेला हवा. दोन वर्षांच्या कोर्समध्ये मधला उन्हाळा मिळतो, तो महाग असला तरी कामाचा. अमेरिकेचा विचार असेल तर पदवी ‘स्टेम’मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटात) मोडते का ते पाहा; आजच्या नियमांनुसार पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीत २४ महिन्यांची भर त्यावरच पडते. नाव फायनान्स असलं म्हणून प्रत्येक पदवी त्यात बसत नाही.

सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची परीक्षा घेणाऱ्या) संस्थेशी संलग्न आहोत असं कुणी मिरवलं, तर भुलू नकोस. अभ्यासक्रम जुळतो इतकंच. परीक्षेच्या तिन्ही लेव्हल तुलाच पार करायच्या आहेत.

आता यादीतल्या प्रत्येक कोर्सचे गेल्या दोन बॅचचे चार-पाच जण लिंक्डइनवर शोध आणि पहिली नोकरी कशी मिळाली, एवढंच विचार. बरेच जण उत्तर देतात. मग उरलेली नावं मला कळव. शिफारसपत्र हवं असेल तर मुदतीच्या महिनाभर आधी सांग, आदल्या रात्री नको.

तुझा,
काका